विश्वस्त महोदय, त्या चार बाबी वगळू नका

मा. विश्वस्त मंडळ,
सविनय नमस्कार.

मी तुमच्या रुग्णालयात 31 वर्षं नोकरी केली. 1990 मध्ये स्टाफ नर्स म्हणून लागले, शेवटची बारा वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर इन्चार्ज होते आणि 2021 मध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना निवृत्त झाले. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र कुठल्या इमारतीबद्दल आहे हे तुम्हाला लगेच कळेल. आणि मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना ते आपल्याबद्दलच आहे असं वाटलं, तर मला ते हवंच आहे.

गेल्या महिन्यात बीपी तपासायला आले होते. नोटीस बोर्डावर सभेचं इतिवृत्त लागलेलं होतं, ते उभ्याउभ्या वाचलं. नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकातून चार बाबी वगळल्या आहेत. डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी साठवायची टाकी, गच्चीवरचे सौर बंब, जनरल वॉर्डच्या उघडणाऱ्या खिडक्या आणि लॉन्ड्रीची नवी यंत्रं. लॉन्ड्री बंदच होणार, थिएटरमध्ये यापुढे सगळं एकदा वापरून टाकायचं. शेजारी शेरा आहे, ‘पर्यावरणविषयक बाबी, तूर्त परवडणार नाहीत.’

परवडणार नाहीत, हे कोणत्या वहीत बघून लिहिलं ते मला तुम्हाला विचारायचं आहे. टाकीची किंमत बांधकामाच्या वहीत दिसते. टाकी नसल्यामुळे मागवावा लागणारा टँकर देखभालीच्या वहीत जातो. एकदा वापरायच्या गाऊनचे पैसे स्टोअरच्या खात्यातून जातात आणि तोच गाऊन जाळायचे पैसे कचऱ्याच्या खात्यातून. या वह्या एका टेबलावर शेजारी शेजारी उघडलेल्या मी 31 वर्षांत पाहिल्या नाहीत. आणि एक वही तर तुमच्या इमारतीत ठेवलेलीच नाही. ती आमच्याकडे, गोवंडीत आहे.

मी गोवंडीला राहते. मुंबईतल्या रुग्णालयांचा जैव-वैद्यकीय कचरा जाळायचं केंद्र आमच्याच भागात, देवनारला चालत आलं. कचऱ्याचा डोंगरही तिथेच. इथली माणसं त्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि 2023 मध्ये न्यायालयाने ते केंद्र खालापूर तालुक्यात हलवायला दोन वर्षांची मुदत दिली. आमच्यासाठी तो मोठा दिलासा होता. पण खालापूरलाही माणसंच राहतात. मुळात जाळायला पाठवतो तेच कमी केलं नाही, तर एका वस्तीचा त्रास दुसऱ्या वस्तीला जाईल, इतकंच.

माझ्या नातवाला दम्याचा पंप लागतो. तो त्या धुरामुळेच लागतो असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात हवा बिघडायला कारणं पुष्कळ आहेत आणि मी डॉक्टर नाही. पण वॉर्डात बांधलेली पिवळी पिशवी लिफ्टने खाली गेली की माझ्या लेखी ती संपत असे. ती माझ्याच घराच्या दिशेने निघाली आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली. म्हणून आधी त्या पिशवीचंच सांगते.

जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 मध्ये आले आणि 2016 मध्ये ते नव्याने झाले. पिवळ्या पिशवीत शरीराचे काढलेले भाग, रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. तिच्यातलं बरंचसं जाळलं जातं. लाल पिशवीत सलाईनच्या बाटल्या, नळ्या, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे. हे प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणायचं, जाळायचं नाही. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काच निळ्या खोक्यात. उरलेला साधा कचरा महापालिकेच्या गाडीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रुग्णालयातला सुमारे 85 टक्के कचरा घरातल्या कचऱ्यासारखाच असतो, धोकादायक जेमतेम 15 टक्के.

आता रात्री दोन वाजता आपल्या मेल मेडिकल वॉर्डात काय चालतं ते ऐका. लाल पिशव्या संपलेल्या असतात. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी, केलेलं असतं, पण स्टोअर सकाळी उघडणार. मग सफाईचे मामा सगळ्या डब्यांना पिवळी पिशवी लावतात, कारण ती तेवढी शिल्लक असते. त्यात सलाईनची नळी जाते, नातेवाइकांचा चहाचा कप जातो, केळ्याची सालं जातात, औषधांची खोकी जातात. सकाळी पिशवी फुगलेली असते, तिच्यावर बारकोड लागतो आणि ती रवाना होते. सलाईन सेटमध्ये पीव्हीसी असतं. क्लोरीन असलेलं हे प्लास्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, म्हणून तर नियमांनी ते पिवळ्या पिशवीतून बाहेर काढलं. आपण पैसे मोजून ते परत आत घालतो. हे माझ्या ड्युटीतही झालं आहे. त्या रात्री तो डबा पुन्हा उपसायला लावणं मला जमलं नाही, कारण मामांच्या हातात जाड हातमोजे नव्हते.

हे थांबवायला यंत्र लागत नाही. पिशव्या वेळेवर लागतात. डब्यावर मराठीत आणि हिंदीत, चित्रासकट पाटी लागते. आणि माणसं टिकावी लागतात. आपले सफाई कामगार कंत्राटी आहेत, दर अकरा महिन्यांनी चेहरे बदलतात. शिकवलेला माणूस जातो, नवा येतो आणि पहिल्या आठवड्यात त्याला सुई टोचते. हिपॅटायटिस बीची लस त्याला द्यायची हे नियमांतच लिहिलं आहे. मी दरवर्षी ती यादी करून पाठवत होते आणि दरवर्षी उत्तर येई की कंत्राटदाराशी बोला.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुम्ही वगळलेल्या चार बाबींतली सगळ्यांत स्वस्त हीच आणि मला सगळ्यांत जास्त बोचलेलीही हीच.

डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर. त्यासाठी लागणारं अतिशुद्ध पाणी आरओ यंत्र बनवतं, आणि बनवताना काही पाणी नाकारतं. आपलं यंत्र जुनं आहे, ते निम्मं नाकारतं. दहा मशीन, तीन पाळ्या, म्हणजे दिवसाला 30 डायलिसिस. 3,600 लिटर पाणी वापरलं गेलं आणि तेवढंच, कोणत्याही रुग्णाला न लागलेलं, रक्ताचा थेंब न शिवलेलं, गाळून आलेलं पाणी थेट गटारात गेलं. तीन दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर भरतो. आणि मे महिन्यात आपण फाटकावर टँकर उभे करतो, दहा हजार लिटरचेच.

वापरलेला द्रव वेगळा. तो सांडपाण्यातच गेला पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी फक्त नाकारलेल्या पाण्याबद्दल बोलते आहे. त्यात क्षार थोडे जास्त असतात, म्हणून ते पिऊ नये. संडासाच्या टाक्या भरायला आणि फरशी पुसायला ते उत्तम चालतं. हे मी ऐकीव सांगत नाही. आपल्याच डायलिसिस युनिटच्या टेक्निशियनने एक काळी टाकी आणून, पाइप जोडून सात महिने ते करून दाखवलं. मग बाहेरून रंगकाम निघालं, मचाण बांधायला टाकी हलवली आणि ती परत बसवायची कोणाची जबाबदारी, हे ठरलं नाही.

त्या युनिटमध्ये एक मावशी होत्या, शहापूर तालुक्यातल्या. भातसा आणि तानसा धरणं त्यांच्याच तालुक्यात, तिथलं पाणी जलवाहिन्यांनी आपल्याकडे येतं, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यावर टँकरची वाट बघावी लागते. ड्रेनच्या जाळीतून खळखळत जाणारं ते पाणी बघून त्या एकदा मला म्हणाल्या, “सिस्टर, हे आमच्याकडून आणलंय ना?” मी काय उत्तर देणार होते? नव्या इमारतीत ती टाकी आधीपासून आखलेली आहे हे कळलं, तेव्हा मला सगळ्यांत आधी त्याच आठवल्या होत्या.

आता लॉन्ड्री. इथे मी सरळ कबूल करते की प्रश्न सोपा नाही. मी काचेच्या सिरिंज उकळून वापरायच्या दिवसांत नोकरीला लागले. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. सुई, सिरिंज, कॅथेटर, सलाईन सेट एकदाच वापरायचे, यात तडजोड नाही. जुन्या सुती हिरव्या कापडांतून रक्त झिरपायचं, धागे सुटायचे, ड्रममध्ये रचताना एखादं भोक नजरेतून निसटायचं. हाडांच्या लांब शस्त्रक्रियेत, जिथे सगळं ओलं होतं, तिथे द्रव न झिरपणारं आच्छादनच हवं.

पण ‘सगळं डिस्पोजेबल’ हा त्यावरचा उपाय नव्हे. पाणी न झिरपणारं, पन्नासहून अधिक धुलाया सोसणारं विणलेलं कापड आता मिळतं. त्याला चांगलं वॉशर, गरम पाणी, प्रत्येक धुलाईनंतर दिव्यासमोर तपासणारी दोन माणसं आणि वाफेने निर्जंतुक करणारा, नीट चालणारा ऑटोक्लेव्ह लागतो. हा खर्च खरा आहे, मी तो लपवत नाही. समोर डिस्पोजेबल गाऊनचा खर्च ठेवा. तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पेट्रोलियमपासूनचा. दर शस्त्रक्रियेला विकत घ्यायचा, तासाभराने पिवळ्या पिशवीत टाकायचा आणि तो जाळायला पैसे द्यायचे.

तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना माहीत असेल. तिथल्या मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे साधारण 6 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. इंग्लंडमध्ये त्याच शस्त्रक्रियेमागे 130 किलोच्या आसपास होतं. अरविंदमध्ये गाऊन, आच्छादनं, उपकरणं नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा वाढलेलं नाही. डोळ्याचं थिएटर आणि आपलं थिएटर एक नव्हे, मान्य. पण ‘पुन्हा वापरलं की जंतुसंसर्ग होणारच’ हे वाक्य तुमच्या सभेत कोणी म्हणालं असेल, तर ते पुराव्याला धरून नाही.

आणि एप्रिल 2020 विसरू नका. डिस्पोजेबल गाऊन बाजारातून गायब झाले होते, जे मिळत होते ते भलत्या भावाने. तेव्हा आपल्या टेलरमामांनी नव्या चादरींच्या ताग्यातून गाऊन शिवले आणि लॉन्ड्रीने ते रात्री धुवून, वाळवून सकाळच्या पाळीला दिले. संचारबंदीत लॉन्ड्रीतले दोघे डोंबिवलीहून येत, मिळेल त्या वाहनाने. तीच लॉन्ड्री तुम्ही आज एका शेऱ्याने बंद करता आहात. पुढच्या साथीत गाऊन कुठून आणायचे, याचा विचार त्या सभेत झाला का?

खिडक्यांचं थोडक्यात सांगते. आपल्या जुन्या इमारतीचं छत उंच आहे, दोन्ही बाजूंना व्हरांडे आहेत, आरपार वारा येतो. ती बांधणाऱ्यांनी मुंबईचा दमटपणा ओळखून बांधली होती. नव्या इमारतीच्या नकाशात जनरल वॉर्डलाही बंद काच आणि सेंट्रल एसी आहे. एसी थिएटरला हवा, आयसीयूला हवा. तिथे तासाला ठरावीक वेळा हवा बदलावीच लागते. पण टीबी इतका असलेल्या या शहरात, जिथे ओपीडीतल्या दर बाकावर कोणीतरी खोकत असतं, तिथे खिडकी बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवायची, त्याचं वीजबिल भरायचं आणि बिघाडाच्या दिवशी रुग्णांना घामात ठेवायचं, यात काटकसर कुठे आहे? माझ्याबरोबरच्या दोन सिस्टरना टीबी झाला. त्या दोघीही खिडक्या सील केलेल्या वॉर्डात होत्या. कारण तेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. उघडी खिडकी मात्र टीबीविरुद्धचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलं होतं.

विजेची बचत तर आजच, जुन्या इमारतीतही सुरू करता येईल. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. रात्री रिकाम्या असलेल्या थिएटरमध्ये दिवसाइतकीच थंड हवा पूर्ण वेगाने का फिरते, हे मी इंजिनिअरना तीनदा विचारलं होतं. इमर्जन्सीचं एक थिएटर तयार ठेवावं, बाकीच्यांचा वेग कमी करावा. यातली काही वीज ट्रॉम्बेला आणि डहाणूला कोळसा जाळून येते. ट्रॉम्बेही आमच्याच बाजूला आहे.

भुलीच्या वायूंबद्दल मी शिकवू नये, तो भूलतज्ज्ञांचा अधिकार. तरी त्यांनाच विचारा. डेस्फ्ल्युरेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमानवाढ करतो आणि स्कॉटलंडच्या सरकारी रुग्णालयांनी तो 2023 मध्ये बंद केला. सेव्होफ्ल्युरेन हा भुलीचा दुसरा वायू त्याच्या मानाने फारच सौम्य. नायट्रस ऑक्साइड सुमारे 270 पट, आणि आपल्या जुन्या पाइपलाइनच्या सांध्यांतून तो गळतो. गळलेल्या वायूचा ना रुग्णाला उपयोग ना कोणाला, पैसे मात्र जातात. नव्या इमारतीत तीच लांबलचक पाइपलाइन पुन्हा टाकण्याआधी छोट्या सिलिंडरवर भागेल का, एवढं तरी बघा.

वगळलेल्या बाबींत नसलेली, पण नकाशात मला दिसलेली एक गोष्ट आहे. जनरेटर आणि मुख्य वीज पॅनल तळघरात दाखवले आहेत, पार्किंगच्या शेजारी.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी ड्युटीवर होते. तळघरात पाणी भरलं, जनरेटर बंद पडला, व्हेंटिलेटरच्या बॅटऱ्या संपत गेल्या. त्या रात्री आम्ही सिस्टर, निवासी डॉक्टर, मामा, मावशी, अडकलेले दोन नातेवाईकसुद्धा, पाळ्या लावून रुग्णांना श्वास द्यायची अंबू बॅग हाताने दाबत होतो. मोबाइलच्या उजेडात. माझे हात पहाटे इतके आखडले होते की चहाचा कप धरता येईना. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांत पुन्हा पाणी शिरलं, ते सगळ्या शहराने पाहिलं. समुद्र तापतो आहे, पाऊस कमी तासांत जास्त पडतो आहे. महापालिकेने 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा काढला, त्यात 2050 पर्यंत शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. आणि आपण नव्या इमारतीचं हृदय पुन्हा तळघरातच ठेवतो आहोत. जनरेटर वर नेणं हीसुद्धा तुमच्या मते ‘पर्यावरणविषयक बाब’ असेल, तर तिची किंमत त्या रात्रीच्या आयसीयूत मोजा.

तुमची बाजूही मला दिसते. हे धर्मादाय रुग्णालय आहे. गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव आहेत, देणग्या आटल्या आहेत, औषधांचे भाव वाढले आहेत. सौर बंबाचे पैसे आज द्यावे लागतात आणि बचत पुढची काही वर्षं थोडी थोडी येते. देणगीदाराला वॉर्डावर नाव हवं असतं, पाण्याच्या टाकीवर नको असतं. निविदेत सगळ्यांत कमी दराचा पंप घ्यावा लागतो, मग तो पुढे दुप्पट वीज खाओ. या अडचणी खऱ्या आहेत. सगळंच एकदम करा असं मी म्हणत नाही. गच्चीवरच्या सोलार पॅनलने थिएटर चालणार नाही, हे मलाही कळतं. पण न मोजता वगळू नका.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते.

वगळलेल्या चारही बाबी पुन्हा सभेपुढे आणाव्यात आणि प्रत्येकीसमोर पंधरा वर्षांचा खर्च मांडावा, म्हणजे खरेदी, वीज, पाणी, दुरुस्ती, माणसं आणि विल्हेवाट, सगळं एकाच कागदावर. आरओच्या पाण्याची टाकी यातून वेगळी काढून लगेच मंजूर करावी, तिच्यासाठी अभ्यासाची गरज नाही. नव्या इमारतीची वाट न बघता जुनी काळी टाकी येत्या महिन्यात परत जोडावी.

जनरेटर आणि पॅनल पुराच्या पातळीच्या वर न्यावेत. जनरल वॉर्ड आणि ओपीडीच्या खिडक्या उघडणाऱ्याच असाव्यात.

लॉन्ड्री बंद करण्याचा ठराव स्थगित करावा. कोणत्या शस्त्रक्रियेला डिस्पोजेबल लागतं आणि कोणत्या शस्त्रक्रियेला धुतलेलं चालतं, हे शल्यचिकित्सक, जंतुसंसर्ग नियंत्रण समिती आणि थिएटरच्या सिस्टर यांनी एकत्र बसून ठरवावं. सिस्टरना त्या बैठकीत खुर्ची असावी, नुसता चहा सांगायला बोलावू नये.

दर महिन्याला प्रत्येक वॉर्डाच्या पिवळ्या पिशव्यांचं वजन, विजेची युनिटं आणि पाण्याचे लिटर त्याच नोटीस बोर्डावर लावावेत. जैव-वैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल रुग्णालयाच्या संकेतस्थळावर ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे, तो शोधायला लागू नये. कंत्राटी सफाई कामगारांना लस, जाड हातमोजे आणि बूट रुग्णालयाने स्वतः द्यावेत. यातली बचत जितकी होईल तितकी रुग्णालयाच्याच एका वेगळ्या खात्यात राहावी आणि पुढची बाब त्यातून करावी. नाहीतर बचत करणाऱ्या विभागाच्या हाती काहीच येत नाही आणि दुसऱ्या वर्षी कोणी दिवा बंद करत नाही.

निविदा उघडण्याआधी या पत्राचं लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. वजनं लिहायला माणूस नसेल, तर मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेआठला येऊ शकते. पगार नको. पिशव्यांच्या खोलीत एक वजनकाटा आणि एक वही ठेवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सिस्टर इन्चार्ज, ऑपरेशन थिएटर
गोवंडी, मुंबई